जंत, शेळी आणि शेजारधर्म

वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली की आपली दिवाळी सुरू होते. शहरातल्या घरांना आता खरी गाय मिळत नाही. मातीची किंवा चांदीची चालते. पण नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत ती अजून दारात उभी असते. कुठे लाल कंधारी, कुठे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली देवणी. तिच्या कपाळी कुंकू लागते, गळ्यात माळ पडते, पुढ्यात नैवेद्य येतो. त्याच गोठ्याच्या कोपऱ्यात दोन-चार काळ्या उस्मानाबादी शेळ्या हा सोहळा पाहत उभ्या असतात. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. शेळीचे नाव आहे तेच राहिले. या शेळ्यांना ओवाळणी क्वचितच मिळते. पण घरातल्या मुलीची फी, म्हातारीचे औषध, सासरी गेलेल्या लेकीची साडी, हे सारे पुष्कळदा त्यांच्याच अंगावरून निघते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नव्हे. श्रीमंताच्या गाईची पूजा होते आणि गरिबाची गाय बाजारात जाते, एवढाच काय तो फरक.

आज मला ज्या विषयावर लिहायचे आहे तो या शेळ्यांच्या पोटात आहे. समोर फराळाचे ताट असताना जंतांचा विषय काढणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. पण ज्या घरात मूल आहे त्या घराला जंत नवे नाहीत. आजीच्या बटव्यात वावडिंग आणि डिकेमाली असे, ती याचसाठी. गुरांना पळसपापडी देत, तीही याचसाठी. आता बटवा मागे पडला आहे. २०१५ सालच्या फेब्रुवारीपासून आपल्या देशात जंतनाशक दिन पाळला जातो आणि एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. शेळीला जे पातळ औषध नळकांड्याने पाजतात, तेही पुष्कळदा अल्बेंडाझोलच असते. तेव्हा विषय वाटतो तितका गोठ्यातला नाही.

मला पडलेला प्रश्न असा आहे. एखादे औषध वापरून वापरून निकामी होते, तेव्हा ते निकामी केले कोणी? ज्याने आपल्या मुक्या जनावरावर माया करून, सांगितले त्या वेळी आणि सांगितले तसे, ते औषध पाजले, त्याच्याकडे या नुकसानीचा काही वाटा जातो काय? आणि जात असेल, तर कोणत्या न्यायाने?

न्यायाची गोष्ट करण्यापूर्वी आरोपीची ओळख करून घेऊ. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातल्या कृमींत सर्वांत घातक जो, त्याचे शास्त्रीय नाव हिमोंकस कंटॉर्टस. जनावराच्या चौथ्या पोटात तो राहतो आणि रक्तावर जगतो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. तिचे रक्ताने भरलेले तांबडे आतडे आणि त्याभोवती पिळा घालून बसलेली पांढरी गर्भनलिका यांमुळे ती पिळाच्या दोरीसारखी दिसते. विलायतेत न्हाव्याच्या दुकानापुढे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब उभा करीत; तिकडच्या लोकांनी त्यावरूनच या जंताला नाव दिले. आपल्याकडचा न्हावी पिंपळाखाली बसणारा, तेव्हा ती उपमा आपल्याला परकी. पण रूप डोळ्यांपुढे यायला पुरे आहे.

एक जंत दिवसाला सुमारे वीसावा भाग मिलिलिटर रक्त घेतो. थेंबभर म्हणा. पण पोटात असे हजार जंत असले तर रोजचे पन्नास मिलिलिटर जातात. आणि तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असते जेमतेम दोन लिटर. आठ-पंधरा दिवसांत शेळी पांढरी पडते. डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू लाल असायची ती कागदासारखी होते, आणि जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबू लागते. गावात म्हणतात, शेळीच्या अंगातले पाणी उतरले. खरे म्हणजे उतरलेले असते रक्त, आणि त्याच्या जागी पाणी आलेले असते.

मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून रानात पडतात. पावसाळी ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अंड्यातून अळी निघून ती पुन्हा पोटात जाण्याजोगी होते. ओल्या गवताच्या पात्यावर ती चढते, पण फार वर नव्हे. जमिनीपासून चार-सहा बोटे. बोरी-बाभळीचा पाला ओरबाडून खाणाऱ्या शेळीला म्हणून जंत कमी, आणि खाली मान घालून गवत चरणाऱ्या मेंढीला जास्त. शेळीचा मूळ स्वभाव मान वर करून खाण्याचा आहे. आपण गायराने मोडली, बांधावरच्या बोरी तोडल्या आणि शेळीला पाझर तलावाच्या काठच्या लुसलुशीत हिरवळीवर आणून सोडले. जंतांची पंगत वाढून ठेवली ती अशी. गिळलेली अळी तीन आठवड्यांत मोठी होऊन स्वतः अंडी घालू लागते. आषाढात सुरू झालेला हा फेरा दिवाळीपर्यंत किती पिढ्यांचा होतो, हे वाचकांनीच मोजावे.

या जंतावर माणसाने चढाई केली ती विसाव्या शतकाच्या मध्याला. आधी फिनोथायझिन आले. १९५७ साली अमेरिकेत ते लागू पडेनासे झाल्याची नोंद झाली. १९६१ साली थायबेंडाझोल आले. हे खरोखरच अपूर्व औषध होते. विषारी नाही, थोड्या मात्रेत पुरते, अनेक जातींच्या जंतांवर चालते. जगभरच्या मेंढपाळांनी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सोडून होतो न होतो तोच, १९६४ साली, त्यालाही न जुमानणारे जंत सापडले. आपल्या देशात मेंढ्यांतील हिमोंकस फिनोथायझिन आणि थायबेंडाझोल या दोघांनाही दाद देत नाही, असे १९७६ साली प्रसिद्ध झाले. मग आले आयव्हरमेक्टिन. जपानात कावाना गावी गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत सातोशी ओमुरा यांना एक सूक्ष्म जीव सापडला आणि विल्यम कॅम्बेल यांनी त्यातले कृमिनाशक द्रव्य पारखले. त्या द्रव्यापासून बनवलेले हे औषध १९८१ साली बाजारात उतरले आणि दोघांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे औषध येऊन दहा वर्षे व्हायच्या आतच दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांत ते फसू लागले होते. तिथल्या काही शेतांवर पुढे अशी वेळ आली की एकही औषध चालेना आणि मेंढ्या पाळणेच सोडावे लागले. २००९ साली न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल आले, अगदी नव्या कुळातले. चार वर्षांत, त्याच देशात, त्याचीही तीच गत झाल्याचे लिहून आले.

आपण म्हणतो, जंत औषधाला सरावले. हा शब्द सोयीचा आहे आणि चुकीचा आहे. एखादा दारुडा दारूला सरावतो तसा कोणताही जंत औषधाला सरावत नाही. जो मरायचा तो मरतोच. घडते ते वेगळे. थायबेंडाझोल, अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही सगळी एकाच घराण्यातली औषधे जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतात. हे प्रथिन म्हणजे साडेचारशेच्या आसपास कड्यांची साखळी. त्यातली दोनशेवी कडी एखाद्या जंतात जन्मतःच निराळी असते. फेनिलॲलनिनच्या जागी टायरोसिन. एवढ्याने औषधाला धरायला जागा उरत नाही. असे जंत औषध येण्यापूर्वीही लाखांत दोन-चार होतेच. त्यांना त्या कडीचा काही उपयोग नव्हता, इतकेच. औषध आले आणि बाकीचे सगळे मेले. जे उरले त्यांचीच आपापसांत लग्ने लागली, त्यांचीच अंडी रानात पडली. यात जंताचा डाव नाही, बुद्धी नाही, वैर तर नाहीच. आपण चाळण धरली आणि चाळणीने आपले काम केले.

म्हणूनच दुकानातून एका नावाची बाटली आणून ती चालली नाही की त्याच घराण्यातली दुसऱ्या नावाची आणणे, यात पैशाखेरीज काही जात नाही असे नव्हे. चाळण आणखी एकदा फिरते. शेळीच्या बाबतीत आणखी एक अन्याय नकळत होतो. शेळीचे यकृत ही औषधे मेंढीपेक्षा लवकर निकालात काढते. तिला या घराण्यातले औषध मेंढीच्या जवळजवळ दुप्पट मापाने लागते. पण बाटलीवर माप असते मेंढीचे, आणि वजन करायचे ते नजरेने. औषध अर्धवट पडते. अर्धवट तग धरणाऱ्या जंतांनाही मग वाव मिळतो. शेळीला मेंढीची धाकटी बहीण समजण्याची ही किंमत आहे.

आणि मग बाजार. उदगीरजवळचा हाळी-हंडरगुळीचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, किंवा लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा, त्यांना सांगायला नको की जनावर किती मुलखांतून किती मुलखांत जाते. दाखले, रंग, दात, खूर सारे पाहून सौदा होतो. पोटातला माल कोणी पाहत नाही. अलीकडे बंदिस्त शेळीपालनाची हौस वाढली आहे. राजस्थानची सिरोही, पंजाबची बीटल अशा शेळ्या ट्रकांतून येतात. त्यांच्याबरोबर तिकडचे जंतही येतात, आणि तिकडे त्यांनी कोणकोणत्या औषधांची चाळण पाहिली आहे हे विकणारालाही ठाऊक नसते. आपल्या देशात औषधाला न जुमानणारे जंत जास्त करून सापडले ते खेड्यातल्या कळपांत नव्हेत, तर सरकारी आणि विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर, जिथे वेळापत्रकानुसार, न चुकता औषध पाजले जाते. जिथे निगा उत्तम, तिथेच औषध आधी संपले. मलेशियात तर सरकारी पैदास केंद्रांतच अशी स्थिती झाल्याचे आढळले आणि ही केंद्रे लहान शेतकऱ्यांना चांगल्या जातीची जनावरे वाटणारी होती. भले करायला निघालेल्या हातांतूनच ती गोष्ट पसरण्याची सोय झाली.

याच्या उलट बाजूला आपल्या खेड्यातली चार शेळ्यांची मालकीण आहे. तिने कधी वेळापत्रक पाळले नाही, कारण बाटलीला पैसे नव्हते. जी शेळी पांढरी पडली तिला तेवढे पाजले; बाकीच्या देवाच्या भरवशावर. तिच्या रानात साधे, औषधाने मरणारे जंत म्हणून भरपूर राहिले आणि म्हणून तिथे औषध अजून पुष्कळसे चालते. गरिबीने औषध जपले असे म्हणण्याचा मोह इथे होतो. तो आवरला पाहिजे. तिच्या ज्या शेळ्या पाजल्यावाचून मेल्या, त्यांचा हिशेब या वाक्यात येत नाही. दारिद्र्याला शहाणपण म्हणायचे आणि ते तसेच राहू द्यायचे, ही आपल्या सुशिक्षितांची जुनी सवय आहे.

तरी वस्तुस्थिती वस्तुस्थितीच. शास्त्रज्ञ आज जे सांगतात ते तिच्या नाइलाजाच्या आचरणाशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. ते म्हणतात, सगळ्या कळपाला एकदम पाजू नका. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. साधारण पाचातल्या एकाच्या पोटात बहुतांश ओझे. ती जनावरे हेरा आणि त्यांनाच पाजा. दक्षिण आफ्रिकेतल्या फाफा मलान नावाच्या पशुवैद्याच्या कल्पनेतून यासाठी एक रंगपट्टी तयार झाली. खालची पापणी उलटायची आणि आतल्या रंगाची पट्टीवरच्या पाच रंगांशी तुलना करायची. पहिले दोन ठीक, शेवटचे दोन धोक्याचे, मधला विचार करण्याजोगा. न पाजलेल्या जनावरांच्या पोटात आणि रानातल्या गवतावर जे साधे जंत उरतात, ते उरलेल्या चिवट जंतांशी संकर करून त्यांचा जोर पातळ करतात. शत्रूच्या गोटातले दुबळे लोक जपून ठेवायचे, म्हणजे औषधाला मारायला कोणी तरी उरेल. आपल्या जैन बांधवांना याचे हसू येईल. जीवदयेचा उपदेश अखेर पशुवैद्यकाच्या पुस्तकात आला, आणि आला तो निव्वळ स्वार्थाच्या वाटेने.

मराठवाड्याच्या हवेने या उपदेशात एक गाठ मारून ठेवली आहे. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठात रान भाजून निघते. त्या उन्हात गवतावरच्या अळ्या जगत नाहीत. जंत उरतात ते फक्त जनावरांच्या पोटात. मृगाच्या आधी सगळ्या कळपाला एकदा औषध पाजले की पावसाळ्याची सुरुवात स्वच्छ रानाने होते. ही शिफारस पिढ्यान्‌पिढ्या केली जाते आणि ती चुकीची नाही. त्या हंगामात शेळ्या खरोखरच वाचतात. पण त्या वेळी पोटाबाहेर साधे जंत नसतातच. पोटातले पाजून मारले की मृगाच्या पहिल्या पावसात रानात जी पेर पडते ती सारी वाचलेल्या चिवटांची. पश्चिम ऑस्ट्रेलियात उन्हाळाभर रान असेच कोरडे असते आणि तिथे उन्हाळ्यात औषध पाजण्याच्या प्रथेने हेच घडवले. ज्या एका दिवशी औषध सर्वांत जास्त उपयोगी, त्याच दिवशी ते सर्वांत जास्त झिजते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली एक निबंध लिहिला आणि तो फार गाजला. सर्वांच्या मालकीचे एक कुरण आहे. प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवतो, फायदा त्याचा एकट्याचा आणि झीज सगळ्यांची. अखेर कुरण उजाड होते. औषधाचा गुण हेही असेच एक गायरान आहे, असे म्हणता येईल. बाटली माझ्या पैशाची. पण बाटलीतल्या औषधाने मरतील असे जंत ही गावाची ठेव आहे आणि प्रत्येक पाजण्यात त्या ठेवीतला चिमूटभर भाग खर्च होतो. उपमा येथवर जुळते. पुढे मात्र मला ती मान्य नाही. हार्डिनचा गुराखी लोभी आहे. आमची बाई लोभी नाही. तिने जनावर वाढवलेले नाही, मरणारे वाचवले आहे. आणि कुरण उजाड होताना दिसते. औषध उजाड होताना कोणालाच दिसत नाही. लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून, पाजण्यापूर्वी आणि पाजल्यावर दहा-चौदा दिवसांनी अंडी मोजली आणि ती शंभरातली पंच्याण्णव तरी घटली नाहीत, तर समजायचे की काही बिनसले आहे. शेळी दिसण्यात सुधारते तेव्हाही आत ही घट अपुरी असू शकते. डोळ्यांना दिसू लागते तेव्हा ठेव जवळजवळ संपलेली असते.

लातूरकरांना हे समजावून सांगायला आफ्रिकेचे दाखले नकोत. जमिनीखालचे पाणीही असेच, न दिसणारे आणि सर्वांचे. प्रत्येकाने आपल्या वावरात आपल्या पैशाने विंधन विहीर घेतली. एकाची दोनशे फूट, तर शेजाऱ्याची चारशे. त्यात पाप कोणाचे? उभे पीक वाळताना पाहून बोअर मारणाऱ्या बापाला पापी कोण म्हणेल? आणि तरी पाऊस ओळीने हुकला, मांजरा धरण आटले आणि २०१६ सालच्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, तेव्हा जमिनीखाली हात घालावा तर तिथेही ठेव उरलेली नव्हती. कोणा एकाचा गुन्हा नव्हता. पण झाले ते आकाशातूनही पडले नव्हते.

आपल्या नीतिकल्पनांची इथे पंचाईत होते. त्या घडल्या एकाने दुसऱ्याला केलेल्या इजेवरून. चोराने चोरी केली, सावकाराने बुडवले, भावाने बांध कोरला. तिथे कर्ता दिसतो, कर्म दिसते, हेतू सांगता येतो. जिथे हेतू चांगला, कृती योग्य, आणि हजारांच्या योग्य कृतींची बेरीज मात्र वाईट, तिथे दोष हा शब्दच लागू पडत नाही. मला वाटते, तिथे दोषाची भाषा सोडून राखणीची भाषा बोलावी. दोषी नसलेल्या माणसावरही राखणीची जबाबदारी असू शकते. आड कोणी खणला हे न विचारता आपण त्यात घाण जाऊ देत नाही, तितकेच.

पण राखणीचा बोजा कोणी किती उचलायचा? ‘काही जनावरे बिनऔषधाची ठेवा’ हे वाक्य दोनशे मेंढ्यांच्या धनगराला सांगणे वेगळे आणि चार शेळ्यांच्या विधवेला सांगणे वेगळे. पापणी पाहण्यात चूक झाली तर त्याची दोनशेतली एक जाते. तिची चारातली एक जाते, म्हणजे घराचा पाव हिस्सा. ज्याच्या कळपात चुकीला जागा आहे त्याने आधी आणि जास्त राखावे. जिच्याकडे जागा नाही तिला हा उपदेश करण्यापूर्वी पट्टी, लेंड्यांची तपासणी आणि वेळेवर येणारा माणूस हे तिच्या दारी पोचते करावे. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; सूक्ष्मदर्शक काही लंडनहून आणायचा नाही. हे न करता नुसता संयम शिकवणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे होय.

यावर एक व्यवहारी आक्षेप येतो. औषधे जायचीच आहेत. गेले एक तर येईल दुसरे. इतिहास याला अर्धाच दुजोरा देतो. नवे औषध येते, पण वीस-पंचवीस वर्षांनी, आणि ते येते ते ज्या देशांत मेंढीमागे खर्च करण्याची ऐपत आहे त्यांच्यासाठी. स्वस्त आणि जुने अल्बेंडाझोल हेच गरिबाचे औषध. ते गेले तर श्रीमंत दुसऱ्या बाटलीकडे वळेल आणि गरीब पुन्हा पळसपापडीकडे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दुसरी वाट चोखाळून पाहिली आहे. बंगालच्या सुंदरबनातली लहानखुरी गारोळ मेंढी दख्खनी मेंढीशी संकरून, तिची कोकरे जंतांना स्वतःच किती तोंड देतात ते त्यांनी मोजले, आणि संकरित कोकरांच्या लेंड्यांत अंडी कमी आढळली. जनावरच बळकट करण्याची ही वाट लांबची आहे, पण तिच्यात काही झिजत नाही.

आणि नियम? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली आणि शेतीसाठी विंधन विहिरी घ्यायच्या नाहीत असेही ठरवले. न दिसणाऱ्या पाण्यावर गावाने आपणहोऊन बंधन घातले आणि पाळले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल मिळाले ते अशाच गोष्टींच्या अभ्यासाबद्दल; सामाईक वस्तू लोक स्वतःचे नियम करून टिकवू शकतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणे देऊन दाखवले. औषधासाठी असे नियम करणारे गाव मात्र माझ्या पाहण्यात नाही. बाजारातून आणलेले जनावर आठ-पंधरा दिवस वेगळे बांधावे, लेंड्या तपासून मगच रानात सोडावे, एवढा एक नियम जरी गावाने केला तरी पुष्कळ होईल.

मागच्या पावसाळ्यात उदगीरकडच्या एका वस्तीवर एक तरुण डॉक्टर हे सारे एका शेळ्यावाल्याला समजावीत होता, ते मी ऐकत बसलो होतो. पंचवीस-तीस शेळ्यांचा कळप. मालक साठीच्या घरातला. डॉक्टरने पापण्या उलटून दाखवल्या, ज्यांच्या लाल होत्या त्या बाजूला काढल्या आणि म्हणाला, “मामा, ह्यांना पाजायचं नाही. ह्यांच्या पोटातले साधे जंत आपल्याला पाहिजेत.” मामांनी बाजूला निघालेल्या जनावरांकडे पाहिले. बहुतेक बोकड होते, चांगले तजेलदार.

“हे तर म्या बकरीदीला इकणार, डाक्टरसाहेब. माल इकला की तुमचे साधे जंत बी गेले की त्याच्यासंगं.”

डॉक्टर हसला, मग गप्प झाला. रानात पडलेली अंडी राहतीलच, असे काहीसे तो म्हणाला; पण मामांचा मुद्दा खरा होता हे त्याच्या तोंडावर दिसत होते. थोड्या वेळाने त्याने कळपातली एक म्हातारी, शिंग मोडलेली शेळी दाखवली. तिचीही पापणी लाल होती. “मग हिला राहू द्या बिनऔषधाची. ही तर काही विकायची नाही ना?”

“ती न्हाई इकायची,” मामा म्हणाले, “पर ती मायची हाय. तिला इचारावं लागंल.” आणि ते आत आईला हाक मारायला गेले.